नोट ओढण्याआधी: संगीतलिपीच्या सॉफ्टवेअरमधले जागेचे घोळ

पानाच्या तळाशी बरीच जागा रिकामी आणि पुढच्या पानावर एकच ओळ लटकलेली. एका बारमध्ये (दोन उभ्या रेषांमधल्या खान्यात) नोट्स एकमेकींच्या अंगावर आलेल्या, तर शेजारच्या बारमध्ये ऐसपैस पसरलेल्या. शेवटच्या ओळीत एकुलता एक बार, तोही डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत ताणलेला. म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको, लिलीपॉन्ड यांपैकी काहीही वापरून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांच्या पट्टीवरची (स्टाफवरची) पाश्चात्त्य संगीतलिपी, लिहिणाऱ्याला ही दृश्यं ओळखीची असतात. बहुतेकांचा पहिला उपायही ठरलेला असतो: माऊसने धरायचं आणि ओढायचं.

ओढल्यावर ती एक जागा सुधारते. मग वरच्या ओळीत दोन बार वाढतात, सगळं पुढे सरकतं आणि ओढलेली खूण आता भलत्याच ठिकाणी तरंगत राहते. अशा पाच-पन्नास खुणा झाल्या की फाईलला हात लावायची भीती वाटायला लागते.

घोळ जिथे दिसतो तिथे तो बहुधा जन्मलेला नसतो. पान मांडताना सॉफ्टवेअर ठरावीक क्रमाने निर्णय घेतं आणि वरच्या पायरीवरची अडचण खालच्या पायरीवर उघडी पडते. म्हणून दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी लागते: आधी स्टाफचा आकार आणि कागद, मग ओळी कुठे तोडायच्या ते, मग नोट्समधलं अंतर, मग ओळींमधलं अंतर, आणि अगदी शेवटी एखादी खूण जरा इकडे-तिकडे.

सगळ्याचं माप एकच

या सॉफ्टवेअर्समध्ये जवळजवळ सगळी मापं मिलिमीटरमध्ये नसतात, तर स्टाफच्या दोन शेजारच्या रेषांमधल्या अंतरात असतात. या मापाला स्टाफ-स्पेस म्हणतात. पाच रेषा म्हणजे चार स्टाफ-स्पेस. नोटचं डोकं साधारण एक स्पेस उंच असतं आणि दांडी साधारण साडेतीन स्पेस लांब. आजच्या संगीत फॉन्ट्सचं सामायिक प्रमाण म्हणजे स्मूफल. त्यातही हाच हिशेब आहे: फॉन्टचा एक एम (फॉन्टच्या मापाचं मूळ एकक) म्हणजे पाच रेषांच्या स्टाफची पूर्ण उंची.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. स्टाफचा आकार बदलला की नोट्स, अंतरं, स्लर (नोट्स जोडणारी कमान), रेषांची जाडी असं सगळं एकाच प्रमाणात लहानमोठं होतं. म्हणजे पानावर काहीच मावत नसेल तर बाकीची पन्नास मापं चिमटण्याआधी हे एक माप बघायचं. लिलीपॉन्डमध्ये स्टाफची मूळ उंची २० पॉइंट असते, म्हणजे जवळपास ७ मिलिमीटर. म्यूझस्कोरही साधारण तितकीच धरतो. एकट्या वाजवणाऱ्याच्या प्रतीसाठी ती छान आहे. पण वीस-बावीस स्टाफचा वाद्यवृंदाचा स्कोर (सगळ्या वाद्यांची एकत्र प्रत) त्याच मापात ए-फोर कागदावर बसवायला गेलात, तर पुढचे सगळे उपाय वाया जाणार. तिथे गणितच चुकलेलं असतं: ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर, आणि २२ स्टाफ गुणिले ७ म्हणजे नुसत्या रेषांनाच १५४. वरखाली समास, स्टाफच्या वर-खाली जाणाऱ्या नोट्स, डायनॅमिक्स (आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा), मधली अंतरं यांना उरतं ते पुरत नाही.

कागदाचा आकार हीदेखील याच पायरीवरची गोष्ट. दुसऱ्याने पाठवलेली फाईल उघडताना ती लेटर या अमेरिकी आकाराची आहे की ए-फोरची, हे आधी पाहावं. लेटर थोडा रुंद आणि बुटका असतो. आकार बदलला की ओळी तुटण्याच्या जागाही बदलतात, म्हणून हे काम शेवटासाठी ठेवू नये.

स्प्रिंग आणि सळई

आता खरा गाभा: दोन नोट्समध्ये किती जागा सोडायची?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे काळाच्या प्रमाणात. अर्धी नोट पाव नोटच्या दुप्पट वेळ चालते, तर तिला जागाही दुप्पट द्यावी. असं केलं तर पान वाचण्याजोगं राहत नाही. पाव नोटला चार स्पेस दिले तर पूर्ण नोटला सोळा द्यावे लागतील, आणि सोळाव्या भागाच्या नोटला उरेल एक, म्हणजे तिचं स्वतःचं डोकंही जेमतेम मावेल. धातूच्या पत्र्यावर हाताने नोट्स कोरणाऱ्या जुन्या कारागिरांनी यातून वेगळी वाट काढली होती: काळ दुप्पट झाला की जागा वाढवायची, पण दुप्पट नाही.

ती किती वाढवायची, याची प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली रीत आहे. डोरिको गुणाकार करतो. पाव नोटला ४ स्पेस, आणि काळ दुप्पट झाला की जागा १.४१ पट. म्हणजे अर्ध्या नोटला साधारण ५.६४, पूर्ण नोटला जवळजवळ ८, आणि आठव्या भागाच्या नोटला २.८४. लिलीपॉन्ड बेरीज करतो. सगळ्यात छोट्या नोटला २.४ स्पेस, आणि काळ दुप्पट झाला की प्रत्येक वेळी आणखी १.२. आठव्या भागाची नोट २.४, पाव ३.६, अर्धी ४.८, पूर्ण ६. दोन्ही रीती चालतात आणि दोन्हींचं वळण थोडं वेगळं दिसतं. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेल्यावर पान परकं वाटतं, त्याचं हे एक कारण.

पण हे झालं फक्त आदर्श अंतर. प्रत्यक्षात ओळ दोन्ही समासांना टेकवायची असते, त्यामुळे कुठे ताण द्यावा लागतो आणि कुठे दाब. १९८७ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॉन गोर्ले यांनी यासाठी स्प्रिंगची कल्पना मांडली, आणि आजची बरीच सॉफ्टवेअर्स त्याच वाटेने जातात. प्रत्येक दोन नोट्समध्ये एक स्प्रिंग आहे असं समजा. तिची नैसर्गिक लांबी म्हणजे ते आदर्श अंतर. ओळ ताणली की सगळ्या स्प्रिंगा प्रमाणात ताणल्या जातात, दाबली की प्रमाणात दबतात. त्याखेरीज जिथे चिन्हं एकमेकांवर आदळू शकतात तिथे स्प्रिंगच्या जोडीला एक सळई असते. ती दबत नाही. शार्प-फ्लॅटची (तीव्र-कोमल) चिन्हं, टिंब, मधेच बदललेला क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता सूर ते सांगणारी खूण), गाण्याच्या शब्दातलं रुंद अक्षर, या सगळ्यांच्या सळया तयार होतात.

एवढं ध्यानात आलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. ओळ जोपर्यंत सैल आहे तोपर्यंत स्प्रिंगाच राज्य करतात आणि अंतरं एका लयीत दिसतात. ओळीत बार कोंबले की स्प्रिंगा दबतात, पण सळया दबत नाहीत. ज्या नोटच्या आधी शार्प आहे, तिथलं अंतर तसंच राहतं आणि बिनचिन्हाच्या नोट्स आणखी जवळ सरकतात. वाचणाऱ्याला अंतर ओबडधोबड दिसतं. तो शार्पवाली नोट ओढायला धावतो. खरा दोष त्या नोटचा नाही, ओळीत एक बार जास्त झालाय. तो बार पुढच्या ओळीत ढकलला की स्प्रिंगांना श्वास मिळतो आणि पूर्ण ओळ सुधारते.

गाण्याच्या शब्दांचंही असंच. आठव्या भागाच्या चार नोट्सखाली चार लांब अक्षरं आली की तो बार फुगतो आणि शेजारचा चिमटला जातो. इथे आधी अक्षरांचा आकार अर्धा-एक पॉइंट कमी करून बघावा, मग दोन अक्षरांमधलं किमान अंतर आणि जोडरेघेची किमान लांबी थोडी कमी करावी, आणि तरीही जमलं नाही तर ओळीतले बार कमी करावेत. शब्द असलेल्या संगीताला वाद्यसंगीतापेक्षा जास्त कागद लागतोच. ते मान्य केलं की निम्मं भांडण मिटतं.

एक पेच अनेक स्टाफच्या स्कोरमध्ये येतो. एकाच क्षणी वाजणाऱ्या सगळ्या नोट्स एकाखाली एक याव्या लागतात, म्हणून सळई कोणत्याही एका स्टाफवर असली तरी अंतर सगळ्या स्टाफवर वाढतं. व्हायोलिनच्या ओळीत पाच ग्रेस नोट्स (झटक्यात वाजवायच्या बारीक नोट्स) आल्या की तीन स्टाफ खाली, बासच्या शांत पाव नोट्समध्ये, एक अनाकलनीय खिंडार पडतं. अशा वेळी खिंडार दिसतं त्या स्टाफवर काही शोधू नका. त्याच उभ्या रेषेत वरखाली बघा, कारण सापडेल.

लिलीपॉन्डमध्ये आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे. तो प्रत्येक बारमधली सर्वांत छोटी नोट बघतो, त्यांतली सगळ्यांत जास्त वेळा येणारी कोणती ते ठरवतो आणि सगळ्या हिशेबाचा पाया तिलाच मानतो. हा पाया आठव्या भागाच्या नोटहून मोठा कधीच धरला जात नाही. त्यामुळे ज्या रचनेत निव्वळ अर्ध्या आणि पूर्ण नोट्स आहेत, उदाहरणार्थ जुन्या समूहगायनाच्या चाली, ती विनाकारण पसरट दिसते. तिथे पायाची नोट हाताने मोठी ठरवून दिली की सगळं पान घट्ट होतं. एका ओळीची दुरुस्ती आहे, पण कारण माहीत नसेल तर माणूस दिवसभर बार ढकलत बसतो.

आणि एक दोष तर मोजपट्टीला सापडतच नाही. वर जाणारी दांडी नोटच्या उजव्या अंगाला असते, खाली जाणारी डाव्या. वर-दांडीच्या नोटनंतर खाली-दांडीची नोट आली तर दोन्ही दांड्या एकमेकींजवळ येतात आणि नोट्स चिकटल्यासारख्या वाटतात. उलट क्रम असेल तर दांड्या लांब जातात आणि मध्ये भोक पडल्यासारखं दिसतं. दोन्हीकडे मोजलेलं अंतर मात्र सारखंच. हाताने कोरणारे कारागीर इथे नजरेने किंचित फरक करत, आणि लिलीपॉन्डसारखी सॉफ्टवेअर्स ही दुरुस्ती आपणहून करतात. म्हणून नोट्समधली अंतरं स्क्रीनवर पट्टी लावून ‘बरोबर’ करू नयेत. मोजून बरोबर केलेलं पान डोळ्याला चुकीचं दिसू शकतं.

ओळ कुठे तुटते

शेवटच्या ओळीत एकटा बार उरण्याचं कारण बहुतेक वेळा हावरट पद्धत असतं. म्यूझस्कोर ओळ भरताना मावतील तितके बार घेतो, मग पुढच्या ओळीला लागतो. शेवटी काय उरेल याचा विचार तो आधी करत नाही. याचा फायदा असा की टाईप करता करता पान लगेच मांडलं जातं. तोटा असा की सुरुवातीला एका बारमध्ये दोन शार्प वाढले तर त्या ओळीतला शेवटचा बार खाली उतरतो आणि पुढच्या सगळ्या ओळी बदलतात.

दुसरी पद्धत पूर्ण रचना एकदम बघण्याची. डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये परिच्छेदाच्या ओळी तोडण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती टेक या अक्षरजुळणी प्रणालीचा कणा आहे. तिथे कुठलीही एक ओळ उत्तम करण्याऐवजी सगळ्या ओळींचा मिळून बेढबपणा कमीत कमी ठेवला जातो. गोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा विचार संगीतावर लावून दाखवला, आणि लिलीपॉन्डही याच जातीची पद्धत वापरतो. त्यात शेवटचा एकटा बार क्वचितच उरतो, कारण तो उरू नये म्हणून पहिल्या ओळीपासून तडजोड झालेली असते.

हावरट पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम आपल्याला करावं लागतं. बार मोजा, ओळींना भागा, आणि शेवटून मागे येत सिस्टीम ब्रेक (‘ओळ इथेच तोड’ ही आज्ञा) द्या. तेहेतीस बार चारचारने मांडले की एक उरणारच. त्यापेक्षा शेवटच्या तीन ओळींत तीनतीन बार ठेवले तर आधीच्या सहा ओळींत चारचार बसतात आणि पान सरळ होतं. संगीताची वाक्यं तीनतीन किंवा चारचार बारची असतील तर ब्रेक तिथेच द्यावा, वाजवणाऱ्यालाही बरं पडतं. म्यूझस्कोरच्या नव्या आवृत्त्यांत ओळ कुलूपबंद करण्याची सोय आहे: ठरावीक बारांची ओळ एकदा लॉक केली की वर काहीही बदललं तरी ती तुटत नाही. डोरिकोमध्ये एका ओळीत किती बार आणि एका पानावर किती ओळी हे पूर्ण प्रतीसाठी एकदम सांगता येतं. लिलीपॉन्डमध्ये ओळींची किंवा पानांची एकूण संख्या देऊन बाकीचं त्याच्यावर सोडता येतं, आणि मला ही रीत सगळ्यात आवडते, कारण आपण फक्त हेतू सांगतो.

अगदी छोटी शेवटची ओळ मुद्दाम ठेवायची असेल तर ती ताणू नका, असंही सांगता येतं. म्यूझस्कोरच्या स्टाइलमध्ये यासाठी एक उंबरठा असतो: शेवटची ओळ अमुक टक्क्यांपेक्षा कमी भरली असेल तर ती उजव्या समासापर्यंत ओढली जात नाही. एकट्या ताणलेल्या बारवर हा सर्वांत स्वस्त उपाय.

लिलीपॉन्ड वापरणाऱ्यांना एक खास धक्का कधीतरी बसतो: ओळ तुटतच नाही, संगीत उजव्या बाजूने सरळ कागदाबाहेर निघून जातं. हा मांडणीचा दोष वाटतो, पण तो मूळ लिखाणात, म्हणजे टाईप केलेल्या संगीतात असतो. लिलीपॉन्ड फक्त बारच्या रेषेवर ओळ तोडतो, आणि त्या क्षणी कुठल्याही आवाजातली (एकाच वेळी चालणाऱ्या स्वरओळींपैकी एकीतली) नोट रेषेपलीकडे चालू असेल तर तिथेही तोडत नाही. कुठल्यातरी एका आवाजात एक नोट आठव्या भागाऐवजी पाव लिहिली गेली की तो आवाज पुढे कायमचा सरकतो आणि पुढच्या बहुतेक रेषांवर काहीतरी लोंबकळत राहतं. म्हणून प्रत्येक बारच्या शेवटी तपासणीची उभी रेघ टाकायची सवय ठेवावी. घोळ जिथे झाला तिथेच लिलीपॉन्ड इशारा देतो.

उभं अंतर, आणि एका वाक्याने हललेलं पान

ओळींच्या उभ्या अंतराला आडव्यासारखीच स्प्रिंग आणि सळई लागू होते, फक्त नावं बदलतात. लिलीपॉन्डमध्ये हे चार आकड्यांत उघडं दिसतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ. दोन सिस्टीम्समधलं (सिस्टीम म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्टाफची एक पूर्ण ओळ) मूळ अंतर १२ स्पेस, वरच्या शेवटच्या स्टाफच्या मधल्या रेषेपासून खालच्या पहिल्या स्टाफच्या मधल्या रेषेपर्यंत मोजलेलं. किमान अंतर ८. प्रत्यक्ष चिन्हांमध्ये राखायची मोकळी फट १. आणि ताणण्याची तयारी ६०. पानावर जागा उरली तर ती ताणण्याच्या तयारीच्या प्रमाणात वाटली जाते.

बऱ्याच जणांचा गोंधळ तिसऱ्या आकड्याशी होतो. मूळ अंतर वाढवून काही फरक दिसत नसेल, तर तिथे बहुधा मूळ अंतर लागूच होत नाहीये. खालच्या ओळीतली उंच नोट आणि वरच्या ओळीतला खोल डायनॅमिक यांच्यामधली फट निर्णय घेतेय. लिलीपॉन्डमध्ये ही सगळी अंतरं पानावरच बाणांनी आणि आकड्यांनी दाखवणारी सोय आहे. ती एकदा चालू करून पाहिली की कोणता आकडा खरोखर राज्य करतोय ते समजतं. डोरिकोच्या एन्ग्रेव्ह मोडमध्ये पानाची चौकट किती टक्के भरली ते दिसतं. शंभरच्या वर गेली तर अंतरं बदलत बसण्यात अर्थ नाही, एक ओळ पुढच्या पानावर न्यायलाच हवी.

आता एक पूर्ण साखळी बघू. पहिल्या पानावर सहा सिस्टीम्स बसायला हव्यात, पण पाचच बसल्यात आणि सहावी दुसऱ्या पानावर एकटी आहे. पहिल्या पानाच्या पाच ओळी उरलेली जागा भरून काढायला एकमेकींपासून लांब गेल्यात. बघणाऱ्याला वाटतं, ओळींमधलं अंतर फार झालंय. तो अंतर कमी करतो, काहीच होत नाही. मग नीट बघितल्यावर दिसतं की चौथ्या ओळीवर एक लांबलचक सूचना लिहिलीय. तिच्या खालीच स्लर आहे, स्लरखाली वरच्या सप्तकातली नोट. मजकूर आडव्या दिशेने नोट्स ढकलत नाही. जागा नसली की तो वर चढतो. सूचना वर चढली, चौथ्या ओळीची उंची वाढली, आणि एवढ्याने सहावी ओळ पानाबाहेर गेली. सूचना दोन ओळींत मोडली किंवा एक बार आधी सुरू केली की सहावी ओळ आपोआप परत येते. अंतराच्या एकाही आकड्याला हात न लावता.

अशी साखळी शोधताना एक युक्ती उपयोगी पडते: पानावरची सगळ्यात उंच ओळ कोणती ते बघा आणि ती उंच का आहे ते विचारा.

उरलेली जागा ताणून भरायची की तळाशी मोकळी सोडायची, हाही निर्णय असतो. माझं मत असं की निम्म्याहून कमी भरलेलं शेवटचं पान कधीच ताणू नये. तीन ओळी पानभर पसरलेल्या दिसतात तेव्हा वाचणारा चौथी ओळ शोधत राहतो. वाद्यवृंदाच्या स्कोरमध्ये गप्प बसलेल्या वाद्यांचे स्टाफ लपवले तर याच पायरीवर सर्वांत जास्त जागा वाचते. फक्त पहिल्या पानावर सगळी वाद्यं दाखवायची, असा प्रघात आहे.

पियानोच्या लेखनात मात्र एक अशी जागा आहे जिथे हाताने दुरुस्ती करावीच लागते. एकच बीम (छोट्या नोट्सच्या दांड्या जोडणारी जाड पट्टी) जेव्हा वरच्या स्टाफवरून खालच्या स्टाफवर जातो, तेव्हा त्याचा उतार दोन स्टाफमधल्या अंतरावर ठरतो. आणि ते अंतर ठरवायचं तर बीम किती जागा घेतो ते माहीत हवं. दोघंही एकमेकांची वाट बघतात. लिलीपॉन्ड हा पेच सोडवायला अशा बीमला आणि स्लरला अंतराच्या हिशेबातून वगळतो, म्हणून ते मधल्या डायनॅमिकवर आदळतात. इथे त्या सिस्टीमपुरतं दोन स्टाफमधलं अंतर हाताने वाढवायचं. सॉफ्टवेअर चुकलं म्हणून नाही, त्याला ठरवताच येत नाही म्हणून.

ओढण्याचे दोन प्रकार

सगळ्या पायऱ्या संपल्यावर काही खुणा उरतातच ज्या हाताने हलवायच्या आहेत. पण हलवण्यातही फरक असतो.

एका प्रकारात आपण नियम बदलतो: या खुणेभोवती आणखी अर्धा स्पेस मोकळा ठेव, किंवा ही खूण त्या खुणेपेक्षा स्टाफच्या जवळ ठेव. सॉफ्टवेअर हे ऐकून बाकी सगळ्यांना पुन्हा मांडतं. लिलीपॉन्डमध्ये स्टाफबाहेरच्या खुणांना प्राधान्याचा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी खूण स्टाफपासून लांब. तालीम-खूण (तालमीत जागा सापडावी म्हणून लिहिलेलं अक्षर किंवा आकडा), टेम्पो, डायनॅमिक यांची अदलाबदल हवी असेल तर आकडे बदलायचे, खुणा ओढायच्या नाहीत.

दुसऱ्या प्रकारात मांडणी पूर्ण झाल्यावर खूण फक्त चित्र म्हणून सरकवली जाते. बाकीच्यांना ती सरकल्याचं कळतच नाही. दोन मिलिमीटर सरकवायला ठीक, पण ओळ बदलली की अपघात ठरलेला. म्यूझस्कोरमध्ये एखाद्या खुणेची आपोआप जागा ठरवण्याची सोय बंद केली की ती याच वर्गात जाते. आदळणूक टळावी म्हणून लोक ती बंद करतात, आणि मग पुढची आदळणूक ओळखणारं कुणी उरत नाही.

जुनी फाईल हातात आली आणि खुणा जिकडेतिकडे पसरलेल्या दिसल्या, तर सगळं निवडून आकार आणि जागा मूळपदावर आणणारी आज्ञा आधी द्या. म्यूझस्कोरमध्ये ती कंट्रोल आणि आर. सिबेलियसमध्ये नोट्समधलं अंतर आणि खुणांची जागा यांच्या दोन वेगळ्या रीसेट आज्ञा आहेत. थोडं चांगलं कामही पुसलं जाईल, पण मूळ मांडणी काय होती ते तरी दिसेल.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. १९८८ मध्ये आलेलं फिनाले हे सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि कित्येकांना वर्षानुवर्षांच्या फाईली म्यूझिक-एक्सएमएल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअर्समध्ये संगीत नेण्याचा सामायिक फाईल-प्रकार) मार्गाने दुसरीकडे न्याव्या लागताहेत. हा मार्ग सूर, काळ, शब्द, स्लर ही माहिती बऱ्यापैकी नेतो. पण त्याच फाईलमध्ये ओळी कुठे तुटल्या, खुणा किती सरकवल्या हेही येऊ शकतं, आणि ती मापं जुन्या फॉन्टच्या, जुन्या नियमांच्या हिशेबाने असतात. नव्या घरात ती बसत नाहीत. आयात करताना पानाची मांडणी आणू नये असा पर्याय असेल तर तोच निवडावा, आणि पान शून्यातून मांडू द्यावं. स्वतः निर्यात करत असाल तर जोडीला जुन्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफही काढून ठेवा. काय हरवलं ते तिथेच सापडेल.

वाजवणाऱ्याची प्रत

एकेका वाद्याच्या प्रतीत वरचे सगळे निकष एका गोष्टीपुढे मागे पडतात: पान उलटताना हात मोकळा हवा. पुस्तकासारख्या बांधणीत पान उलटावं लागतं ते फक्त उजव्या, म्हणजे विषम क्रमांकाच्या पानाच्या शेवटी. तिथे विश्रांती यायला हवी. त्यासाठी उजवं पान अर्धं रिकामं सोडावं लागलं तरी सोडावं. विश्रांती येतच नसेल तर संगीत डाव्या पानावर सुरू करून बघावं, म्हणजे पहिली दोन पानं समोरासमोर येतात आणि उलटण्याची जागा एक पान पुढे सरकते. सलग विश्रांतीचे बार एका जाड आडव्या खुणेत गोळा करायला विसरू नका. ते गोळा होत नसतील तर मध्ये कुठेतरी तालीम-खूण, दुहेरी रेषा किंवा टेम्पोची सूचना आहे, आणि तिथे ते तुटायलाच हवेत, कारण वाजवणारा मोजतो ते त्या खुणांपर्यंत.

शेवटची तपासणी कागदावर करा. स्क्रीनवर झूम बदलला की स्टाफच्या रेषा कधी जाड, कधी बारीक दिसतात. तो स्क्रीनच्या ठिपक्यांचा खेळ असतो, फाईलचा दोष नसतो. आणि छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय बंद करून पूर्ण १०० टक्के ठेवा. तो चालू राहिला तर प्रिंटर पान गुपचूप तीन-चार टक्के लहान करतो, आणि सात मिलिमीटरचा ठरवलेला स्टाफ पावणेसातचा होऊन बाहेर येतो.